गर वाढला नव्हता, साल सुकली होती : पॅशन फ्रूटच्या गुणवत्तेचे एक प्रकरण

या लेखातील प्रकरण एका गर-प्रक्रिया केंद्राचे आणि त्याला फळ पुरवणाऱ्या बागायतदारांच्या गटाचे आहे. दोघांचीही ओळख पटू नये म्हणून नावे आणि ठिकाण गाळले आहे. प्रयोगशाळेतील आकडे सोयीसाठी जवळच्या दशांशापर्यंत घेतले आहेत. फळ तपासणाऱ्याच्या भूमिकेत मी या कामात सहभागी होतो. त्यात माझ्याकडून झालेली एक मोठी चूकही पुढे नोंदवली आहे, कारण ती वगळली तर निर्णय कसे चुकत गेले आणि कसे सुधारले हे समजणार नाही.

पार्श्वभूमी

पॅशन फ्रूट हे कृष्णकमळाच्या कुळातील वेलीचे फळ असून त्याचे मूळ दक्षिण अमेरिकेत आहे. व्यापारात त्याचे दोन प्रकार प्रामुख्याने दिसतात. जांभळ्या सालीचे फळ लहान, साधारण 35 ते 50 ग्रॅमचे, सुवासिक आणि तुलनेने गोड असते. पिवळ्या सालीचे फळ त्याहून मोठे, बरेचदा 60 ते 100 ग्रॅमच्या पुढे जाणारे आणि अधिक आंबट असते. दोन्हींची रचना मात्र सारखीच आहे. बाहेर जाड साल, तिच्या आत पांढरा मऊ थर आणि मधल्या पोकळीत असंख्य काळ्या बिया, ज्यांतील प्रत्येक बी स्वतःच्या रसाळ पिशवीत असते. आपण ज्याला गर म्हणतो तो म्हणजे या पिशव्यांचा समूह होय. फळाच्या वजनाचा जवळपास निम्मा भाग सालीचा असतो, आणि पुढे जे घडले त्याच्या मुळाशी ही एकच गोष्ट होती.

केंद्र मुख्यतः जांभळी फळे घेऊन, गर काढून, बिया गाळून आणि उष्णतेने निर्जंतुक करून तो पेय बनवणाऱ्या एका ग्राहकाला देत असे. ग्राहकाशी ठरलेल्या अटींमध्ये गराचा ब्रिक्स (रसात विरघळलेले, मुख्यतः साखरेचे घटक दाखवणारा आकडा) किमान 14 आणि सायट्रिक आम्लाच्या रूपात मोजलेली आम्लता 3.8 टक्क्यांपेक्षा जास्त नाही, या दोन प्रमुख होत्या. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक संस्थेच्या 2005 च्या फळरस मानकात पॅशन फ्रूटच्या रसासाठी किमान 12 ब्रिक्स दिलेला आहे. म्हणजे ग्राहकाची अपेक्षा त्या किमान पातळीपेक्षा बरीच वरची होती, पण चांगल्या पिकलेल्या जांभळ्या फळाला ती अवघड नव्हती.

खरेदीचा नियम मात्र मुख्यतः या दोन आकड्यांवर आधारलेला नव्हता. फळ वजनावर घेतले जाई, सालीचा किमान तीन चतुर्थांश भाग जांभळा असावा लागे आणि सालीवर हलकी सुरकुती असलेल्या मालाला वरचा दर्जा मिळे. सुरकुतलेले पॅशन फ्रूट गोड असते हा घरोघरचा अनुभव आहे, आणि वेलीवर पूर्ण पिकून गळालेल्या फळाच्या बाबतीत तो बऱ्याच अंशी खराही आहे. तो अनुभव खरेदीच्या नियमात उतरवताना सुरकुती कशामुळे पडते हे कोणी विचारले नाही.

अडचण

हंगामाच्या दुसऱ्या महिन्यात ग्राहकाने एक खेप परत केली. गर जास्त आंबट आहे, त्याला वास फारसा नाही आणि तापवल्यावर तो घट्ट होऊन भांड्याच्या तळाला धरतो, अशा तीन तक्रारी होत्या. तिसऱ्या तक्रारीसोबत एक गंभीर संशयही होता. ग्राहकाच्या तपासनिसाने गरावर आयोडीन टाकून पाहिले तेव्हा निळा रंग आला होता, म्हणून गरात स्टार्च मिसळल्याचा आरोप त्याने सूचित केला होता.

केंद्राच्या स्वतःच्या नोंदीत त्या खेपेचा ब्रिक्स 12.0 आणि आम्लता 4.4 टक्के होती. नोंदवहीतला एक आकडा मात्र या सर्वांच्या उलट दिशेने जात होता. फळाच्या वजनाच्या तुलनेत गराचे प्रमाण त्या महिन्यात हंगामातील सर्वाधिक होते. व्यवस्थापकांचे म्हणणे असे की इतका गर देणारे फळ वाईट असूच शकत नाही, त्यामुळे बागायतदारांपैकी कोणीतरी आंबट पिवळी फळे मिसळत असावे. बागायतदारांचे म्हणणे असे की फळ तेच आहे, तपासणीत खोट आहे. दोन्ही बाजूंना आपापला पुरावा होता आणि दोघांचेही अर्धे खरे होते, हे नंतर कळले.

माझ्यापुढे प्रश्न आला तो या विसंगतीच्या रूपात. गराचा उतारा सर्वोत्तम आणि गराची प्रत सर्वांत वाईट, या दोन्ही गोष्टी एकाच मालाबद्दल एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात?

पहिला निर्णय : आधी मोजमाप तपासायचे

फळाकडे वळण्याआधी केंद्राची मोजण्याची पद्धत पाहायची असे ठरवले. हा निर्णय बागायतदारांना आवडला आणि केंद्राला खटकला, पण त्याला पर्याय नव्हता. ज्या आकड्यांवरून भांडण चालले आहे ते आकडेच संशयास्पद असतील तर पुढचा सगळा तपास वाया जातो.

आम्लता मोजण्यासाठी रसात सोडियम हायड्रॉक्साइडचे ठरावीक तीव्रतेचे द्रावण थेंबाथेंबाने सोडतात आणि किती मिलिलिटर लागले त्यावरून आम्ल काढतात. 0.1 नॉर्मल (नॉर्मल हे तीव्रतेचे एकक) द्रावणाचा एक मिलिलिटर 0.0064 ग्रॅम सायट्रिक आम्लाबरोबर धरला जातो. हे द्रावण उघड्या हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषत राहते आणि हळूहळू कमजोर होते. केंद्रातील बाटली हंगामाच्या सुरुवातीला भरलेली होती, तिचे झाकण सैल होते आणि तेव्हापासून तिची तीव्रता कोणी पुन्हा पडताळली नव्हती. पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट या प्रमाणित आम्लाने ताळा घेतल्यावर ती 0.1 ऐवजी सुमारे 0.09 निघाली. द्रावण कमजोर असले की ते जास्त लागते, आणि जास्त लागले की आम्ल जास्त असल्याचे दिसते. नोंदीतील 4.4 टक्के म्हणजे प्रत्यक्षात सुमारे 4.0 टक्के होते.

याला आणखी एक बारीक बाब जोडलेली होती. आम्ल संपल्याची खूण दाखवणाऱ्या फिनॉल्फ्थॅलिन या दर्शकाचा गुलाबी रंग या फळाच्या गर्द पिवळ्या रसात उशिरा दिसतो, त्यामुळे तपासणारा एक-दोन थेंब पुढे जातो. रस पुरेसा पातळ करून, किंवा रंगावर न विसंबता पीएच मीटरवर 8.2 हा शेवट धरून काम केले तर ही चूक टळते.

ब्रिक्स मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरची गोष्ट उलट दिशेची होती. हे उपकरण 20 अंश सेल्सिअसला धरून आखलेले असते. केंद्रातील साध्या उपकरणात तापमानाची आपोआप दुरुस्ती नव्हती आणि ते शेडमध्ये सुमारे 30 अंश तापमानात वापरले जात होते. अशा वेळी वाचन सुमारे पाऊण अंशाने कमी दिसते. म्हणजे 12.0 चे प्रत्यक्षात 12.8 च्या आसपास होत होते. याखेरीज पॅशन फ्रूटसारख्या अतिआंबट रसात आणखी एक दुरुस्ती विचारात घ्यावी लागते. रिफ्रॅक्टोमीटरची मोजपट्टी साखरेसाठी केलेली असते आणि सायट्रिक आम्ल प्रकाशाला साखरेइतके वळवत नाही, त्यामुळे 4 टक्के आम्लाच्या रसात सुमारे 0.8 अंश मिळवले तरच एकूण विरघळलेल्या घटकांचा खरा अंदाज येतो. ही दुरुस्ती करायची की नाही यावर केंद्र आणि ग्राहक यांच्यात कधी बोलणेच झाले नव्हते. दोघेही ती करत नव्हते, म्हणून आम्हीही तुलनेसाठी ती बाजूला ठेवली, पण करारात तसे स्पष्ट लिहून घेतले.

दुरुस्त आकडे असे झाले : ब्रिक्स 12.8, आम्लता 4.0. आम्लतेतील बहुतेक तफावत त्या सैल झाकणाच्या बाटलीतून आली होती. ब्रिक्समधील कमतरता मात्र निम्म्याहून अधिक शिल्लक राहिली होती, आणि तिचे कारण फळातच शोधावे लागणार होते.

आयोडीनचा निळा रंग

स्टार्चच्या आरोपाचा निकाल त्या मानाने लवकर लागला. जांभळ्या पॅशन फ्रूटच्या रसात निसर्गतःच स्टार्च असतो, पिवळ्यात तो अगदी अल्प असतो. रस तापवला की हा स्टार्च फुगतो, रस घट्ट होतो आणि तापवण्याच्या पृष्ठभागावर थर धरतो. साक्ष म्हणून ग्राहकाच्या तपासनिसासमोर वेलीवरून काढलेली फळे कापून ताज्या रसावर आयोडीन टाकले आणि तेथेही निळा रंग आला. यामुळे भेसळीचा संशय मिटला, आणि अनायासे आणखी एक गोष्ट सिद्ध झाली. परत आलेल्या खेपेत पिवळी फळे मोठ्या प्रमाणात मिसळलेली असती तर गर इतका घट्ट झाला नसता. ग्राहकाच्या तिसऱ्या तक्रारीनेच व्यवस्थापकांचा पिवळ्या फळांचा तर्क कमजोर केला होता.

माझी चूक

पहिल्या भेटीत आवकेतून साठ फळे निवडून, सगळ्यांचा रस एकत्र करून मी तपासणी केली. उत्तर आले 12.8 आणि 4.0, म्हणजे नोंदवहीचे दुरुस्त केलेले आकडेच पुन्हा मिळाले. त्यावरून फळ सरसकट किंचित कच्चे आहे, कदाचित पाऊस किंवा खत यांचा परिणाम असावा, असा निष्कर्ष मी तोंडी सांगितला. तो चुकीचा होता. साठ फळांचा रस एका भांड्यात ओतताना, ती फळे एकाच प्रकारची आहेत की नाहीत हे पाहण्याचा मार्ग मी स्वतःच बंद केला होता.

चूक लक्षात आली ती एका वयस्क बागायतदारांमुळे. त्यांच्या बागेत गेल्यावर त्यांनी मला वेलीखाली पडलेले एक फळ फोडून दिले आणि मग झाकून ठेवलेल्या ढिगातले दुसरे, तितकेच जांभळे आणि अधिक सुरकुतलेले फळ दिले. दोन्हींच्या चवीतील अंतर सांगायला कोणत्याही उपकरणाची गरज नव्हती. मी विचारले, ढीग का करता? ते म्हणाले, "साहेब, सुरकुती तुमच्या केंद्रानेच मागितली. वेलीवर सुरकुती येईपर्यंत थांबलो तर फळ खाली पडतं, मातीला लागतं, मग तुम्ही ते डागी म्हणून बाजूला काढता. म्हणून रंग धरू लागला की तोडतो आणि झाकून ठेवतो. चार दिवसांत रंगही येतो, सुरकुतीही येते."

फळात नेमके काय घडत होते

पॅशन फ्रूट तोडल्यानंतरही पिकण्याची प्रक्रिया चालू ठेवणारे फळ आहे आणि ते फळ पिकवणारा इथिलीन वायू फार मोठ्या प्रमाणात सोडते. झाकलेल्या ढिगात हा वायू साठतो आणि सालीतील हिरवा रंग झपाट्याने जाऊन अँथोसायनिनचा जांभळा रंग चढतो. रंग बदलण्यासाठी वेलीची गरज उरत नाही. गरात साखर भरण्यासाठी मात्र वेलीची गरज असते, कारण ती पानांतून येते. देठ तुटला की हा पुरवठा थांबतो. तोडलेल्या फळात आम्ल श्वसनात खर्च होऊन थोडे कमी होते, पण न आलेली साखर मागाहून येत नाही. वासाचेही तसेच आहे. या फळाचा ओळखीचा सुगंध इथाइल ब्युटानोएट, इथाइल हेक्सानोएट, हेक्सिल ब्युटानोएट यांसारखी अनेक एस्टर (फळांना वास देणारी संयुगे) आणि अत्यल्प प्रमाणातली गंधकयुक्त संयुगे मिळून तयार होतो, आणि लवकर तोडलेल्या फळात तो क्षीण राहतो.

सुरकुती म्हणजे सालीने गमावलेले पाणी. साल जाड, सच्छिद्र आणि पाण्याने भरलेली असते, त्यामुळे कोरड्या हवेत फळाचे वजन घटते ते मुख्यतः सालीतून. आतला गर पहिल्या काही दिवसांत जवळपास तसाच राहतो. यातून उताऱ्याच्या आकड्याचा उलगडा झाला. समजा, ताजे फळ 45 ग्रॅमचे आहे आणि त्यात साल 24 ग्रॅम व बियांसह गर 21 ग्रॅम आहे. गराचे प्रमाण 46.7 टक्के होते. हेच फळ चार-सहा दिवस पडून राहिले आणि सालीतून 7 ग्रॅम पाणी गेले, तर वजन 38 ग्रॅम होते आणि गराचे प्रमाण 55.3 टक्के दिसते. गर एक ग्रॅमनेही वाढलेला नाही. केंद्र ज्याला सर्वोत्तम उतारा समजून समाधान मानत होते, तो फळ किती दिवस पडून होते याचा मापक होता.

एवढे समजल्यावर मी तपासणी नव्याने मांडली. आवक तीन गटांत विभागली : त्याच सकाळी वेलीखालून वेचलेली, वेलीवर पूर्ण रंगल्यावर तोडलेली आणि अर्धवट हिरवी तोडून ढिगात रंगवलेली. प्रत्येक गटातील वीस फळे एकेक करून तपासली. वजन, लांबी आणि रुंदी, मध्यभागी सालीची जाडी, गराचे वजन ग्रॅममध्ये, बियांची संख्या, ब्रिक्स आणि आम्लता, हे सर्व प्रत्येक फळाचे वेगळे नोंदवले. पहिल्या दोन गटांची सरासरी जवळजवळ होती, मिळून ब्रिक्स 14.9 आणि आम्लता 3.4. तिसऱ्या गटात ब्रिक्स 12.1 आणि आम्लता 4.2 होती. परत आलेल्या खेपेचे 12.8 आणि 4.0 हे आकडे या दोहोंच्या मिश्रणातून बरोबर जुळत होते, आणि त्यासाठी खेपेतील तीन चतुर्थांश फळे तिसऱ्या गटातली असावी लागत होती. रंगाच्या निकषावर तिन्ही गट उत्तीर्ण होते. सुरकुतीच्या निकषावर सर्वांत वरचा दर्जा तिसऱ्या गटाला मिळत होता.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय केंद्राच्या हातातला होता : गरात साखर घालून किंवा चांगल्या गराशी मिसळून अटी पूर्ण करणे. साखर घालणे ग्राहकाच्या कराराविरुद्ध होते. मिसळणे शक्य होते, पण त्यामुळे चुकीचा खरेदी-नियम तसाच राहिला असता आणि चांगल्या फळाचे श्रेय पुसले गेले असते.

दुसरा पर्याय फक्त गळालेली फळे घेण्याचा होता. गुणवत्तेच्या दृष्टीने तो सर्वांत मोहक होता, कारण वेल स्वतःच फळ सोडते तेव्हा पक्वतेबद्दल वेगळी साक्ष लागत नाही. अडचण अशी की जमिनीवर पडलेले फळ उन्हात भाजते, ओल्या मातीत त्याच्या सालीला बुरशी लागते आणि रोज वेचणी झाली नाही तर दोन-तीन दिवसांत त्याची प्रत घसरते. ज्यांच्याकडे मांडवाखाली जाळी किंवा कोरडे गवत आहे त्यांनाच हे जमणारे होते.

तिसरा पर्याय केवळ ब्रिक्सवर खरेदीचा होता. तो सोपा, झटपट आणि बागायतदारांनाही पडताळता येण्याजोगा होता. माझी सुरुवातीची पसंती त्यालाच होती. पण रिफ्रॅक्टोमीटर आम्लालाही अंशतः मोजतो, त्यामुळे आंबट फळाला थोडा अनाठायी लाभ मिळाला असता.

मग साखर आणि आम्ल यांच्या गुणोत्तराचा चौथा पर्याय पुढे आला. चव या गुणोत्तराशी जवळून बांधलेली असते हे खरे आहे. तरीही खरेदीसाठी ते एकटे पुरत नाही. ब्रिक्स 14 आणि आम्लता 3.5 असलेल्या गराचे गुणोत्तर 4 येते, आणि ब्रिक्स 12 व आम्लता 3 असलेल्या गराचेही 4 येते. दुसरा गर पातळ आहे, पेयात तो जास्त घालावा लागेल, पण गुणोत्तर ते दाखवत नाही. म्हणून ब्रिक्सला खालची मर्यादा आणि आम्लतेला वरची मर्यादा अशा दोन वेगळ्या अटी ठेवणेच योग्य ठरले. सामूचा, म्हणजे पीएचचा, उपयोग प्रतवारीसाठी होईल का हेही पाहिले. इतक्या आम्लयुक्त रसात आम्लता बरीच बदलली तरी सामू 3 च्या आसपासच घुटमळतो, त्यामुळे तो सोडून दिला.

जीवनसत्त्व क मोजण्याची सूचना केंद्राकडून आली होती. जांभळ्या फळाच्या गरात ते 100 ग्रॅमला सुमारे 30 मिलिग्रॅम असते आणि लेबलसाठी ती माहिती उपयोगी आहे. परंतु त्या आकड्यावरून एकही फळ घेण्याचा किंवा नाकारण्याचा निर्णय बदलणार नव्हता, म्हणून आवकेच्या तपासणीत ते घेतले नाही.

केलेली कृती

शेवटी दोन गोष्टी जोडून नियम बनवला. एक अट तोडणीच्या अवस्थेची : फळ गळालेले असावे किंवा वेलीवरच हिरवा अंश पूर्ण जाईपर्यंत राहिलेले असावे, आणि वेचणी किंवा तोडणी दर दोन दिवसांनी व्हावी. दुसरी अट गराची : प्रत्येक पुरवठादाराच्या मालातून, वरच्या थरातूनच नव्हे तर प्रत्येक क्रेटच्या तळातूनही, मिळून दहा फळे घ्यायची, त्यांतील पाच फळांचा ब्रिक्स वेगवेगळा पाहायचा आणि उरलेल्या पाचांचा रस एकत्र करून आम्लता काढायची. पाच स्वतंत्र वाचनांमध्ये मोठी दरी दिसली तर मालात दोन प्रकारची फळे मिसळली आहेत असे समजून पुन्हा नमुना घ्यायचा. सुरकुतीचा निकष पूर्णपणे काढून टाकला.

उताऱ्याची नोंद टक्क्यांऐवजी दर फळामागे गराचे ग्रॅम अशी सुरू केली. या बदलावर सर्वाधिक वाद झाला, कारण त्यामुळे केंद्राचा एक दिमाखदार आकडा नोंदवहीतून नाहीसा होणार होता. मला मात्र हा बदल सर्वांत महत्त्वाचा वाटत होता. टक्केवारी काढताना भागायचे वजनच रोज घटत असेल तर त्या टक्केवारीवर निर्णय घेता येत नाही.

प्रयोगशाळेत द्रावणाचा ताळा दर आठवड्याला, बाटलीवर तारीख, रसाचे तापमान प्रत्येक वाचनासोबत आणि आम्लतेचा शेवट पीएच मीटरवर, एवढे बदल झाले. साठवणीसाठी फळे सावलीत, क्रेटमध्ये आणि दमट हवेत ठेवून लवकर थंड करण्याची सोय केली. जांभळ्या फळाला 3 ते 5 अंश सेल्सिअस चालते, पिवळ्याला त्याहून उबदार, 7 ते 10 अंश लागते. दोन्ही एकाच खोलीत ठेवली तर एकाचे नुकसान होतेच, म्हणून पिवळ्या फळांची आवक, साठवण आणि नोंद वेगळी केली.

परिणाम

नवीन नियमानंतरच्या खेपा ग्राहकाच्या दोन्ही अटींत बसल्या आणि वासाची तक्रार थांबली. वासासाठी केंद्रात उपकरण नव्हते, त्यामुळे पाच कर्मचारी प्रत्येक खेपेचा गर स्वतंत्रपणे हुंगून आणि चाखून आपले मत लिहितात अशी रीत पाडली. तापवताना घट्ट होण्याचा गुण फळाचाच असल्याने तो राहिला. त्यासाठी ग्राहकाने आपल्या तापवण्याच्या पद्धतीत बदल केला.

सगळेच सुरळीत झाले असे नाही. दर दोन दिवसांच्या वेचणीसाठी मजूर लागतात, आणि दोन बागायतदारांनी ते परवडत नसल्याचे सांगून पुरवठा थांबवला. त्यांचा निर्णय मला समजण्यासारखा वाटतो, कारण गुणवत्तेचा वाढीव भार त्यांच्या बाजूने उचलला जात होता आणि केंद्राने वेचणीसाठी जाळ्या देण्याचा विचार उशिरा केला. सलग पावसाच्या एका आठवड्यात योग्य अवस्थेतील फळांचाही ब्रिक्स अटीखाली गेला. त्या वेळी आधीच्या गराशी मिसळण्याचा पहिला पर्याय वापरावा लागला.

फळागणिक नोंदीतून दोन अनपेक्षित गोष्टी पुढे आल्या. एका बागेतील फळांची साल इतरांपेक्षा स्पष्टपणे जाड, फळ कडक आणि गराची पोकळी लहान होती. वेली पाहिल्यावर पानांवर चट्टे आणि वेडेवाकडेपणा दिसला. ही या पिकातील विषाणूजन्य वुडिनेस रोगाची लक्षणे आहेत, त्यामुळे त्या वेली काढून टाकण्याचा सल्ला दिला. दुसऱ्या एका बागेतील पिवळी फळे आकाराने मोठी पण हाताला हलकी होती आणि त्यांत बिया अगदी थोड्या होत्या. प्रत्येक रसाळ पिशवी एका बीभोवती तयार होत असल्याने बिया कमी म्हणजे रस कमी. पिवळ्या प्रकारात वेलीचे स्वतःचे परागकण तिच्या फुलांना चालत नाहीत, आणि ती सगळी बाग एकाच वेलीच्या कलमांपासून उभी केलेली होती. मोठे भुंगे फुलांवर येत होते, पण ते एकाच वेलीचे पराग इकडून तिकडे नेत होते. तेथे वेगळ्या वेलींची रोपे मधे-मधे लावण्यात आली. केवळ व्यासावर प्रतवारी चालू राहिली असती तर ही पोकळ फळे पहिल्या दर्जात गेली असती.

वेगळे काय करता आले असते

आवकेच्या पहिल्याच दिवशी फळे एकेक करून कापली आणि चाखली असती तर किमान दोन आठवडे वाचले असते. एकत्रित रस हा खेपेची सरासरी सांगण्यासाठी योग्य नमुना आहे, खेप कशाची बनली आहे हे शोधण्यासाठी नाही, आणि मी पहिल्याचे साधन दुसऱ्या कामाला लावले.

हंगामाच्या सुरुवातीलाच काही वेलींवर फुलांना उमलल्याच्या तारखेच्या चिठ्ठ्या बांधायला हव्या होत्या. फुलापासून पक्व फळापर्यंत साधारण 60 ते 80 दिवस लागतात आणि हा काळ तापमानाप्रमाणे कमी-जास्त होतो. स्वतःच्या बागेतील दिवसांचा हिशोब हाताशी असता तर रंगाच्या आधारावर तोडण्याचा आग्रह मुळातच कमी झाला असता, आणि ढिगात रंगवलेले फळ किती दिवस आधी तोडले गेले हेही सांगता आले असते.

खरेदीचा नियम बदलण्याआधी बागायतदारांना बैठकीला बोलावण्याचा आग्रह मी पुरेसा धरला नाही. सुरकुतीमागचे कारण त्यांना सुरुवातीपासून माहीत होते, फक्त ते सांगण्यासाठी त्यांना कोणी विचारले नव्हते. केंद्राचा नियम त्यांच्या हातून काय करवून घेतो आहे हे त्यांच्याकडून आधी ऐकले असते, तर पिवळी फळे मिसळल्याचा आरोप त्यांच्यावर झालाच नसता.

एक काम मात्र उशिरा का होईना, पूर्ण केले. कमजोर द्रावणाच्या काळात आम्लता जास्त म्हणून नाकारलेल्या दोन मालांच्या रसाचे नमुने केंद्राच्या शीतपेटीत गोठवून ठेवलेले होते. नव्याने ताळा घेतलेल्या द्रावणाने ते पुन्हा तपासले. एकाची आम्लता दुरुस्तीनंतरही मर्यादेबाहेर राहिली. दुसऱ्याची 3.7 टक्के निघाली, म्हणजे तो माल त्या दिवशी स्वीकारायला हवा होता. व्यवस्थापकांनी जुन्या नोंदीशेजारी दुरुस्त आकडा आणि तारीख लिहिली आणि त्या बागायतदाराकडे स्वतः जाऊन ते सांगितले.